एकतिसावा खिसा

अस्वल लाँड्रीत अकरा वर्षं लटकत होतं. म्हणजे अस्वलाचा पोशाख. डोकं वेगळं, धड वेगळं, पंजे धडाला शिवलेले. एक नाटकमंडळी तो धुवायला टाकून गेली आणि गावोगाव फिरत कुठेतरी विरून गेली. लाँड्री चालवणाऱ्या आत्याने पावती जपून ठेवली होती आणि दर सहा महिन्यांनी ती अस्वलाला आंघोळ घालायची. गिऱ्हाईक कधीही येऊ शकतं, हे तिचं म्हणणं. धाकट्याचं म्हणणं वेगळं. अस्वल आता घरचंच झालंय, त्याचं नाव पाटीवर घालून टाका.

पैज लागली ती या अस्वलावर, आणि लावली समोरच्या किल्लीवाल्याने.

सकाळी तो धुतलेले शर्ट न्यायला आला. आत्याने गठ्ठा काउंटरवर ठेवला आणि त्यावर एक छोटी पिशवी.

"दोन शर्ट, एक स्क्रू, अर्धी पेन्सिल आणि हा घडी घातलेला कागद."

किल्लीवाला दचकला. "वाचला का?"

"आम्ही वाचत नाही. खिशातलं निघतं, पिशवीत जातं, मालकाला मिळतं. आत काय लिहिलंय ते तुझं तू आणि तुझी बायको बघा."

"बायकोचंय हे कशावरून?"

"तू दुसऱ्या कुणाचा कागद एवढा बारीक घडी घालून लपवशील?"

गल्लीतले दोघंतिघं हसले. किल्लीवाल्याला ते झोंबलं. चाळीस वर्षांची दोस्ती, पण माणूस मुळात कुलपांचा. जे उघडत नाही त्याला हात लावल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

"आत्या, इतक्या वर्षांत एकही खिसा चुकला नाही?"

"अठ्ठावन्न वर्षांत नाही."

"या महिन्यात चुकेल."

"लाव पैज."

इस्त्रीच्या टेबलामागून धाकटा उडी मारून बाहेर आला. धाकटा म्हणजे आत्याचा लहान पुतण्या, वय सत्तेचाळीस, अंगात अजून नऊ वर्षांचा कार्टा. "मी पंच! तीस दिवस. एक जरी खिसा न तपासता पाण्यात गेला तर आत्या हरली. हरेल त्याने हे अस्वल अंगात घालायचं, रविवारी अकराला चौकात बसथांब्यापाशी उभं राहायचं आणि तीनदा ओरडायचं, 'खिसा चुकला!'"

"आणि मी हरलो तर?" किल्लीवाल्याने विचारलं.

"तू ओरडायचं, 'मी चुकलो!' अस्वल तेच."

आत्याने चष्म्यावरून किल्लीवाल्याचं माप घेतलं. "पोटात अडकेल तुझ्या. शिवण सोडून ठेवते."

*

पुढचे एकोणतीस दिवस किल्लीवाल्याने कामधंदा सोडून कपडे मळवले. रोज एक नग, आणि प्रत्येकात एक भानगड. पँटच्या आत शिवलेला चोरखिसा, त्यात शेंगदाण्याएवढी किल्ली. कोटाच्या अस्तरात खिसा, त्यात छोटी किल्ली. एकदा तर त्याने मोज्याला खिसा शिवला. आत्याने मोजा नुसता हातात तोलला आणि म्हणाली, "याच्यात कुणीतरी राहतंय." रोज संध्याकाळी ती काउंटरवर त्याची किल्ली ठेवायची आणि तो तोंड पाडून न्यायचा.

या सगळ्यात घरातल्यांचं अर्धं लक्ष होतं. उरलेलं अर्धं लक्ष बटणवर.

बटण ही दादाची, म्हणजे आत्याच्या थोरल्या पुतण्याची मुलगी. तीन वर्षांची असताना तिने कुणा डॉक्टरच्या कोटाचं बटण गिळलं, तेव्हापासून हेच नाव. दादा तिला उचलून हॉस्पिटलात पळाला, तर तिथल्या माणसाने त्याला मागच्या दाराला जायला सांगितलं, कारण लाँड्रीवाले मागच्या दारानेच येतात. बटण बाहेर पडलं, पोरगी वाचली, पण मागच्या दाराची गोष्ट दादा अजून सांगत नाही. त्याची बायको, म्हणजे वहिनी, सांगते.

आता बटण अठराची. वैद्यकीय प्रवेशाची लेखी परीक्षा तिने अशी दिली होती की शाळेतल्या बाईंनी निकाल दोनदा तपासून घेतला. पण कॉलेज म्हणजे सहा वर्षं, वसतिगृह, पुस्तकं, आणि आत ओळखीचं कुणी नाही. हे सगळं मिळवून देणारी एकच खिडकी होती. अल्पसंख्य विद्यार्थी वैद्यकीय पाठबळ योजना. ती मिळाली तर प्रवेश, नाहीतर काउंटर.

अल्पसंख्य म्हणजे आपण, हे घराला योजनेच्या पुस्तिकेतून कळलं. आत्याचा बाप डोंगरापलीकडून आला त्याला सत्तर वर्षं झाली, पण शहरात त्यांना अजून 'नवे लोक' म्हणतात. सत्तर वर्षांत सगळं जुनं झालं, ही माणसं तेवढी नवी राहिली.

पैजेचा तिसावा दिवस आणि समितीच्या माणसाने घरी भेट देण्याचा दिवस एकच निघाला.

"गरीब दिसायला हवं," दादा सकाळपासून म्हणत होता. "पुस्तिकेत लिहिलंय, गरजू कुटुंब. तो आरसा काढ. पडदे काढ."

"पडदे काढून आतला पसारा दाखवू?" वहिनी म्हणाली. "माणूस घरी येतोय. नीटनेटकं नको?"

"नीटनेटकं बघून म्हणेल यांना कशाला मदत."

"आणि भिकार बघून म्हणेल यांच्या पोरीला काय जमणार."

दोघांनी आपापल्या बाजूने काम केलं. अकरा वाजता खोलीच्या डाव्या अर्ध्यात नवे पडदे, फुलदाणी आणि धुतलेलं टेबलक्लॉथ होतं. उजव्या अर्ध्यात एक मोडकी खुर्ची आणि दादा. दादाने मुद्दाम दाढी केली नव्हती.

"मी कुठल्या बाजूला बसू?" बटणने विचारलं.

"मधोमध," धाकटा म्हणाला. "गरजू, पण टेबलक्लॉथच्या बाजूने झुकलेली."

*

समितीचे डॉक्टर अकरा वाजून दहा मिनिटांनी आले. हॉस्पिटलातून थेट आले होते, अंगात पांढरा कोट तसाच. माणूस फार चांगला होता. हीच तर अडचण होती. त्यांनी बूट दाराबाहेर काढले, सगळ्यांना नमस्कार केला, मोडकी खुर्ची स्वतः निवडली आणि दोन मिनिटांत चार वेळा 'कौतुक' म्हणाले. तुमच्या लोकांचं कौतुक वाटतं. कष्टाचं कौतुक. मुलीचं तर आहेच.

ते चहाचा कप घ्यायला वाकले तेव्हा कॉलरच्या आत लाल दोऱ्याने शिवलेला आकडा आत्याला दिसला.

"अगंबाई! तुम्ही बावीस नंबर!"

"म्हणजे?"

"अहो, पंधरा वर्षं तुमचा कोट धुतेय मी. तोंड आज पाहिलं." आत्याचा चेहरा असा खुलला, जणू माहेरचं माणूस भेटलं. "मागच्या वर्षी वजन वाढलं ना? मधलं बटण तीनदा लावलंय. आणि ते पेन बदला हो. दर आठवड्याला वरचा खिसा निळा. बघा, आत्ताही गळतंय."

डॉक्टरांनी खाली पाहिलं. खिशाखाली रुपयाएवढा निळा डाग पसरत होता.

"काढा," आत्या म्हणाली.

"नको नको, मी भेटीसाठी—"

"शाई वाळली की मुरते. काढा. चाळीस मिनिटांत इस्त्रीसकट हातात देते. तोवर बोला की पोरीशी."

आत्याने 'काढा' म्हटल्यावर न काढणारा माणूस त्या गल्लीत झाला नव्हता. डॉक्टरांनी कोट काढला. गळकं पेन तेवढं हातात राहिलं.

"धाकट्या, खिसे," आत्या म्हणाली. "मी शाईचं औषध घेऊन आले."

*

आतल्या खोलीत मशीनच्या घरघरीत धाकट्याने खिसे तपासले. डावा, एक रुमाल. उजवा, चार घड्यांचा कागद. रुमाल पिशवीत गेला. कागदही पिशवीतच जायचा. पण वरच्या घडीवर बटणचं खरं नाव होतं, शाळेच्या दाखल्यावरचं, घरात कुणी न वापरणारं.

वाचायचं नाही हे धाकट्याला लहानपणापासून पाठ होतं. त्याने वाचलं.

मग तो दाराशी जाऊन, काही घडलंच नाही अशा आवाजात म्हणाला, "दादा, वहिनी, जरा मशीन बघायला येता का? आवाज करतंय."

"मशीन नेहमीच आवाज करतं," दादा म्हणाला.

"आज वेगळा करतंय."

दोघं आत आले. त्यांच्या मागून आत्या आली, हातात बाटली आणि चिंधी.

"हा त्यांचा अहवाल," धाकटा दबक्या आवाजात म्हणाला. "गृहभेटीचा. आजची तारीख. भेटीची वेळ, अकरा ते बारा."

वहिनीने घड्याळ पाहिलं. "आत्ता अकरा पंचवीस झालेत."

"तेच तर. भरून आणलाय. ऐका. 'विद्यार्थिनी शांत व लाजाळू.'"

बाहेरून बटणचा आवाज आला. ती डॉक्टरांना सांगत होती की त्यांनी अंदाजाने धरलेलं खोलीचं माप चुकलंय, पुस्तिकेतल्या नियमाने मोजलं तर वेगळं निघतं.

"'घरात शिक्षणास पोषक वातावरण नाही. पालक कृतज्ञ आहेत. दीर्घ अभ्यासक्रमाचा ताण विद्यार्थिनीस झेपेल असे वाटत नाही. शिफारस, वैद्यकीय ऐवजी रुग्णसेवा सहायक अभ्यासक्रम, कालावधी दीड वर्ष.' खाली सही."



"दीड वर्ष तर दीड वर्ष," दादा म्हणाला. तो कोणाकडे बघत नव्हता. "हॉस्पिटलात तर जाईल."

"मागच्या दाराने," वहिनी म्हणाली.

"उगाच तो विषय काढू नकोस."

"मी नाही काढणार तर कोण काढेल? तुम्ही? वीस वर्षं गठ्ठे वाहताय. निळे सदरे सहायकांचे, पांढरे कोट डॉक्टरांचे. निळ्याच्या पट्ट्यांवर आपल्या लोकांची नावं असतात. पांढऱ्यावर एक तरी दाखवा. एक!"

"म्हणून काय भांडायचं? हॉस्पिटलचं काम त्यांच्या शब्दावर चालतं. माणूस चांगला आहे."

"चांगला आहे म्हणून तर न विचारता लिहिलं. त्याला वाटतं, त्याने आपला त्रास वाचवला."

धाकट्याने घसा खाकरला. त्याचे डोळे चमकत होते, आणि हे लक्षण चांगलं नसायचं. "भांडण कशाला? शाई आहे ना? पेन त्यांचंच गळकं. आत्याच्या हातात औषध आहे. 'ऐवजी' पासून 'दीड वर्ष' पर्यंत अलगद उचलू. कागदाला कळणारही नाही. मग त्याच अक्षरात—"

"नाही," आत्या म्हणाली.

"अगं, तू तर मागे नवरीच्या शालूवरची शाई—"

"तू वाचलंस, इथेच तुझे कान उपटायला हवेत. ते नंतर. आपण डाग काढतो. लोकांनी लिहिलेलं काढत नाही. उद्या कळलं तर पोरगी जन्मभर खोटी ठरेल."

"मग परत पिशवीत ठेव," दादा म्हणाला. "आणि गप्प बसू."

आत्याने कागद धाकट्याच्या हातातून घेतला. घड्या पूर्ववत केल्या. पिशवीकडे गेली नाही. कोटाच्या उजव्या खिशात तो परत ठेवला, वरून थोपटला, आणि कोट उचलून उकळत्या पाण्याच्या मशीनपाशी गेली.

"खिसे कुणी तपासले?" तिने विचारलं.

"मी," धाकटा म्हणाला.

"नाही. मी विसरले, तूही विसरलास. म्हातारपण माझं, येडेपणा तुझा."

धाकट्याच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला आणि त्याबरोबर तोंड उघडलं. "आत्या, आज तिसावा दिवस. पैज!"

"गेली खड्ड्यात पैज."

"अस्वल!"

"मापाचं आहे मला."

हे सगळं वहिनी बघत होती. लग्न होऊन या घरात आली त्याला बावीस वर्षं झाली होती. त्यातली पहिली दोन वर्षं आत्याने तिला खिसे तपासू दिले नव्हते आणि पुढची वीस तिने तपासलेले पुन्हा तपासले होते. आत्याच्या हातांवर तिचा राग होता. आता तेच हात मशीनच्या तोंडाशी थांबले होते. कोट आत जायचा, पुन्हा बाहेर यायचा. बोटं आपोआप खिशाकडे वळायची. अठ्ठावन्न वर्षांची सवय त्या दोन बोटांत अडकून बसली होती.

"हात ऐकत नाहीये मेला," आत्या पुटपुटली. "तू टाक."

"मी नाही," वहिनी म्हणाली. "उद्या गल्लीभर सांगाल, सुनेने चुकवला."

आत्याने तिच्याकडे वळून पाहिलं. मग दोघींना एकदम हसू आलं, आवाज न करता, तोंडाला पदर आणि चिंधी लावून. वहिनीने आत्याचं मनगट धरलं. कोट आत गेला. दार लावलं दादाने, हे विशेष. कुणी सांगितलं नव्हतं. तो दार लावून तिथेच काचेतून आत बघत उभा राहिला.

*

बाहेर बटण एव्हाना कंटाळली होती. डॉक्टर तिला शहरात हवा कशी आहे ते विचारत होते. भेटीत अजून अर्धा तास होता आणि त्यांच्याकडे प्रश्न उरले नव्हते. मुळात आणलेच नव्हते.

चाळीस मिनिटांनी आत्या कोट घेऊन आली. शुभ्र, कडक, निळ्याचा मागमूस नाही. डॉक्टर खूश झाले, कौतुक म्हणाले, अंगात घातला, उजव्या खिशात हात घातला आणि थांबले. हात बाहेर आला तेव्हा चिमटीत भिजलेल्या कापसासारखा गोळा होता.

"यात माझा कागद होता."

"अरे देवा!" आत्याने दोन्ही गालांवर हात मारून घेतले. बटण चमकली. आत्या रागावते, वैतागते, पण गालांवर हात मारत नाही. "चुकलं हो! अठ्ठावन्न वर्षांत पहिल्यांदा. फार महत्त्वाचा होता का?"

"अहवाल होता. या भेटीचा."

"या भेटीचा?" आत्याने विचारलं. "पण भेट तर अजून चाललीये."

डॉक्टरांचे कान लाल झाले, मग मान, मग ती लाली कॉलरीखाली बावीस नंबरापर्यंत उतरली. धाकट्याने चेहरा फुलदाणीमागे नेला.

"काही... प्राथमिक टिपणं होती," डॉक्टर म्हणाले.

"कोरा कागद आहे ना? भरा आता निवांत. आम्ही कुठे जातोय? विचारा पोरीला काय विचारायचं ते."

डॉक्टरांनी बॅगेतून कोरा अर्ज काढला. गळकं पेन हातात धरून थोडा वेळ पाहिलं. वहिनीने आपलं पेन पुढे केलं.

"तुला डॉक्टर का व्हायचंय?" त्यांनी विचारलं.

इथे लोकसेवा म्हणायचं असतं, हे बटणला शाळेतल्या बाईंनी शिकवलं होतं. दादा ओठ हलवून तिला तेच सांगत होता.

"चादरींमुळे," ती म्हणाली.

दादाने डोळे मिटले.

"दोन वर्षांपूर्वी तुमच्या एका वॉर्डच्या चादरींवर तपकिरी डाग यायला लागले. धुण्याआधी नसायचे, धुतल्यावर यायचे. हॉस्पिटल म्हणालं, लाँड्री घाण पाणी वापरते. बाबांचं काम जाणार होतं. मी डागांचा नकाशा काढला. सगळे डाग पेशंटच्या पाठीखाली किंवा दंडाखाली. मग वॉर्डात गेले, गठ्ठा न्यायला म्हणून. तिथे कातडी पुसायचं नवं गुलाबी औषध आलं होतं. मी ते चिंधीला लावलं, आणि एक चिंधी आमच्या क्लोरीनच्या ब्लीचमध्ये टाकली, एक साध्या पाण्यात. ब्लीचमधली तपकिरी झाली. मग ब्लीचऐवजी पेरॉक्साइड वापरून बघितलं, डाग नाही. दोष औषधाचा नव्हता, पाण्याचाही नव्हता. औषधाचं आणि ब्लीचचं पटत नव्हतं."

"मग?"

"मग मी हॉस्पिटलला पत्र लिहिलं. सही बाबांची. उत्तर आलं नाही. पण महिन्याने सगळ्या लाँड्र्यांना सूचना आली, क्लोरीन वापरू नका. खाली लिहिलं होतं, तज्ज्ञ समितीच्या अभ्यासानुसार."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "ते पत्र मी वाचलं होतं," ते सावकाश म्हणाले. "मला वाटलं, औषध कंपनीच्या कुणीतरी दुसऱ्याच्या नावाने लिहिलंय."

"का?"

त्याला उत्तर होतं, आणि ते खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं.

"आता मी विचारू?" बटण म्हणाली. तिने पुस्तिका उघडली. "योजनेला अकरा वर्षं झाली. यात एक्केचाळीस जणांचे फोटो आहेत. मी मोजले. निळ्या सदऱ्यात एकोणचाळीस. पांढऱ्या कोटात दोन. नाव योजनेचं वैद्यकीय. हे असं का?"

"काही मुलांना... तो ताण झेपत नाही."

"हे त्यांना विचारलं होतं?"

डॉक्टरांनी हातातल्या गोळ्याकडे पाहिलं. तो अजून ओला होता आणि त्यांच्या तळहातावर थेंब पडत होते. मग त्यांनी तो कपाच्या बशीत ठेवला, खुर्ची टेबलाजवळ ओढली, म्हणजे दादाच्या अर्ध्यातून वहिनीच्या अर्ध्यात आले, आणि लिहायला लागले. मध्येच विचारलं, "पेरॉक्साइड किती प्रमाणात?" बटणने सांगितलं. मध्येच म्हणाले, "ते प्रमाण चुकीचं आहे." बटण म्हणाली, "कपड्याला बरोबर आहे. तुम्ही माणसाचं सांगताय." साडेबारा वाजले. एक वाजला.

जाताना त्यांनी कागद घडी घालून खिशात ठेवला. त्यात काय लिहिलं ते कुणालाच कळलं नाही. धाकटा त्यांच्यामागे दारापर्यंत गेला आणि म्हणाला, "साहेब, कोटाला मागे एक सुरकुती राहिली, पटकन इस्त्री मारू का?" आत्याने त्याचा कान धरून त्याला आत ओढलं. आधीचे उपटायचे राहिलेच होते.

संध्याकाळी किल्लीवाला रोजची किल्ली न्यायला आला. आत्याने किल्ली दिली. तिसावी.

"म्हणजे मी हरलो," तो म्हणाला.

"मी हरले," आत्या म्हणाली. "आज एक खिसा चुकला. बावीस नंबरचा. विचार पंचाला."

पंच छताकडे बघत होता.

किल्लीवाल्याने आत्याकडे बराच वेळ पाहिलं. आतून लावलेलं कुलूप त्याला कळायचं. "आत्या, खरं सांगा. तुमचा खिसा चुकेल हे माझ्या बापालाही पटणार नाही."

"मग पैज सोड."

"छे! अस्वल बघायचंय मला."

*

लिफाफा आला शुक्रवारी. वहिनीने तो उघडला, दादाने वाचला आणि पुन्हा वहिनीला दिला, कारण त्याला अक्षरं नीट दिसेनात. वैद्यकीय. सहा वर्षं. वसतिगृहासह. सोबत अट होती की विद्यार्थिनीने दर शनिवारी 'आत्मविश्वास वर्धन वर्गा'ला बसावं. नव्या लोकांतल्या मुलांना तो सक्तीचा होता.

"आत्मविश्वास? हिला?" धाकटा म्हणाला. "वर्ग घेणाऱ्याची काळजी वाटते."

आणि एक चिठ्ठी. वार्षिक अहवालासाठी कुटुंबाचा फोटो हवा आहे. रविवारी सकाळी अकराला डॉक्टर स्वतः येतील.

"अकराला तर अस्वल आहे," दादा म्हणाला.

"मग चौकातच येऊ दे," आत्या म्हणाली. "दोनदा कपडे कोण बदलणार?"

रविवारी चौकात गल्ली लोटली. बसथांब्यावरच्या लोकांनी दोन बस सोडल्या. बरोबर अकराला लाँड्रीतून अस्वल निघालं, धाकट्याचा हात धरून, कारण डोक्याच्या भोकांतून समोरचं दिसत नव्हतं. पोशाख स्वच्छ होता. अकरा वर्षांच्या आंघोळींनी अस्वल जवळजवळ पांढरं पडलं होतं. चौकाच्या मधोमध ते उभं राहिलं आणि हात वर केले.

"खिसा चुकला!"

पोरं नाचली. किल्लीवाल्याने शिट्टी वाजवली.

"खिसा चुकला!"

दादा कधी कुठे पुढे जात नाही, पण तो गर्दीतून पुढे येऊन अस्वलाशेजारी उभा राहिला. आज दाढी केलेली होती. वहिनी दुसऱ्या बाजूला आली.

"खिसा चुकला!" तिसऱ्यांदा आवाज जरा बसला, पण बसथांब्यापर्यंत पोचला.

तेवढ्यात बावीस नंबर आले. एका हातात फोन, दुसऱ्या हातात पुडकं. अस्वलाकडे बघून ते थबकले. "कुटुंबाचा फोटो... सगळे आहेत का?"

"सगळे," धाकटा म्हणाला. "आत्या आत आहे."

पुडक्यात नवा पांढरा कोट होता. योजनेकडून. बटणने तो घातला. किल्लीवाला पुढे धावला, कॉलर नीट कर, बाही ओढ, पाठीवर हात फिरव, अशी त्याची फार लगबग चालली. मग सगळे ओळीने उभे राहिले. दादा, वहिनी, धाकटा, मध्ये बटण, तिच्याशेजारी अस्वल.

"जरा कृतज्ञ—" डॉक्टरांनी सुरुवात केली आणि शब्द गिळला. "जसे आहात तसे राहा."

अस्वल तसं राहिलं नाही. त्याची मान कोटाकडे वळली. पंजा उचलला गेला, बटणच्या नव्या कोटाच्या डाव्या खिशाशी आला, आत शिरला, बोटं शिवलेली असूनही तळ चाचपून बाहेर आला. पंजाच्या टोकाला एक बारीक किल्ली अडकली होती.

किल्लीवाल्याने कपाळावर हात मारला.

"एकतिसावी," अस्वल आतून म्हणालं आणि पंजा उजव्या खिशाकडे वळवला.

गल्लीने आधी किल्लीकडे पाहिलं, मग अस्वलाकडे. एकेक करून माणसांच्या लक्षात आलं, हिचा खिसा चुकणं शक्यच नाही, आणि मग कुणीतरी फिसकन हसलं. फोटो काढायचा राहिलाच होता. डॉक्टरांनी फोन खाली घेतला. त्यांचा उजवा हात आपोआप स्वतःच्या उजव्या खिशावर गेला आणि तिथेच राहिला. त्यांचे कान पुन्हा लाल व्हायला लागले.

"पेन बदललं का?" अस्वलाने विचारलं.